व्यायल्यावर बायपास फॅट चालू असूनही गाय दर वेताला खंगते : कारण कसे शोधावे

व्याण्याच्या आधी-नंतर बायपास फॅट, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात (कोठीपोटात) न फुटता पुढे आतड्यात पचणारे मेदाम्लांचे (स्निग्ध पदार्थांतील आम्लांचे) पूरक, नेमाने दिले, मात्रा पिशवीवर छापल्याप्रमाणे पाळली, तरीही दर वेताला तोच अनुभव येतो. पहिल्या आठवड्यात गाय खुराक मागे ठेवते, तिसऱ्या आठवड्यापर्यंत कमरेची हाडे वर येतात, एखाद्या गाईला किटोसिस (अंगावरची चरबी वेगाने वितळून रक्तात किटोन नावाचे पदार्थ वाढण्याचा आजार) होतो आणि दूध जेवढे चढायला हवे तेवढे न चढताच थांबते. पुढच्या वेळी मात्रा वाढवली जाते किंवा दुसरे उत्पादन आणले जाते, पण तक्रार तशीच राहते. बहुतेक गोठ्यांत दोष पूरकाच्या दर्जाचा नसतो. मेदाम्लांचे पूरक ज्या उणिवेवर उपाय आहे, ती उणीव गाईला त्या दिवसांत असतेच असे नाही, आणि नेमके हेच पाहण्याची पायरी गाळली जाते. पुढील तपासणी मी ज्या क्रमाने करीन त्या क्रमाने लिहिली आहे, कारण क्रम उलटला तर खर्च आधी होतो आणि निदान मागे राहते.

पूरकाकडून कशाची अपेक्षा करता येते

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून मिळणारी ऊर्जा पिष्टमय पदार्थाच्या सव्वादोन पट असते. त्यामुळे कमी खाण्यात जास्त ऊर्जा बसवण्याचा तो सोपा मार्ग आहे, आणि त्याच्या पचनात उष्णताही कमी निर्माण होत असल्याने उकाड्याच्या दिवसांत त्याचा वेगळा फायदा आहे. मात्र व्यायलेल्या गाईची पहिली टंचाई ग्लुकोजची असते. एक किलो दुधातील लॅक्टोज तयार होण्यासाठी साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे २५ लिटर दूध देणाऱ्या गाईला केवळ दुधासाठी रोज पावणेदोन किलो ग्लुकोज हवे. गाईच्या आतड्यातून ग्लुकोज फारसे शोषले जात नाही. कोठीपोटात धान्य आणि चारा आंबताना जे प्रोपिऑनिक आम्ल तयार होते, त्यापासून यकृत ते बनवते. मेदाम्लांपासून ग्लुकोज बनवण्याची सोय गाईच्या शरीरात नाही. तेलातील ग्लिसरॉलपासून थोडे ग्लुकोज बनू शकते, परंतु कॅल्शियमयुक्त बायपास फॅटमध्ये ग्लिसरॉल उरलेलेच नसते. शिवाय कोठीपोटातील जिवाणूंना स्निग्ध पदार्थापासून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे जिवाणूंपासून मिळणारी प्रथिनेही त्याने वाढत नाहीत.

म्हणून किटोसिस झालेल्या गाईला बायपास फॅट वाढवून देणे हा उपचार ठरत नाही. तिच्या रक्तात अंगावरची चरबी वितळून आलेली मेदाम्ले आधीच यकृताला झेपतील त्याहून जास्त असतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. यकृतात साठते ती मुख्यतः गाईच्या अंगावरची चरबी असते. खाद्यातील लांब साखळीची मेदाम्ले आतड्यातून लसिकेच्या (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या वाहिन्यांतून वाहणाऱ्या द्रवाच्या) मार्गाने रक्तात जातात आणि पहिल्या फेरीत यकृताला वळसा घालतात. पूरकामुळे यकृत थेट चरबीने भरते हा आरोप त्यामुळे बरोबर नाही, आणि पूरक दिल्याने यकृत मोकळे होते ही अपेक्षाही तितकीच चुकीची आहे.

पहिला प्रश्न : त्रास व्यायल्यानंतर किती दिवसांनी होतो?

गोठ्याच्या वहीत प्रत्येक गाईची व्याण्याची तारीख आणि तिने खाणे सोडल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली, तर निम्मे निदान तेथेच होते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच गाय खात नसेल, कान थंड असतील, पाय लटपटत असतील, शेण कमी पडत असेल, तर आधी कॅल्शियमचा विचार करावा. गाय बसेपर्यंत गेलेला दुग्धज्वर (रक्तातील कॅल्शियम घसरून होणारा आजार) सगळे ओळखतात, परंतु उभ्या गाईच्या रक्तातील कॅल्शियमही घसरलेले असू शकते आणि तेवढ्यानेच पोटाची हालचाल मंदावून भूक जाते. याच दिवसांत वार अडकली असेल, गर्भाशयात दाह असेल किंवा कासदाह सुरू होत असेल, तर ताप चढतो. गाईचे तापमान ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर खाद्याचा हिशेब बाजूला ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे.

पहिल्या दहा-बारा दिवसांत किटोसिस होत असेल आणि तो विशेषतः अंगाने भरलेल्या गाईंना होत असेल, तर त्याचे मूळ व्याण्यापूर्वीच्या काळात असते. आटवलेल्या काळात, म्हणजे व्याण्यापूर्वी दूध काढणे बंद केलेल्या दिवसांत, गाय जास्त लठ्ठ झालेली असते, किंवा शेवटच्या आठवड्यात तिचे खाणे एकदम पडलेले असते. १ (अगदी रोड) ते ५ (अतिलठ्ठ) अशा शरीर गुणांकनात व्याण्याच्या वेळी ३ ते ३.५ गुण पुरेसे असतात. ३.७५ च्या वर गेलेली गाय व्याण्याच्या आधीच कमी खाऊ लागते आणि व्यायल्यावर भराभर चरबी वितळवते. अशा गाईला आटवलेल्या काळात बायपास फॅट देणे मला अजिबात मान्य नाही, कारण तिच्याकडे साठा आधीच जास्त आहे आणि तिला हवी आहे ती भूक.

त्रास तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, दूध शिगेला चढत असताना होत असेल आणि गाय खात असूनही उतरत असेल, तर मात्र ही खरी ऊर्जेची तूट आहे. दूध चौथ्या ते आठव्या आठवड्यात शिगेला पोहोचते, आणि खाण्याची भर त्याच्या मागून काही आठवड्यांनी येते. मधल्या अंतरासाठी मेदाम्लांचे पूरक आहे. अनेक गोठ्यांत ते आधी सांगितलेल्या सुरुवातीच्या दिवसांतील त्रासासाठी वापरले जाते आणि याच दिवसांत, खर्च परवडेना म्हणून, बंद केले जाते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे याहून साधे स्पष्टीकरण मला तरी आढळलेले नाही.

दुसरा प्रश्न : मात्रा ग्रॅममध्ये ठरली, पण गाईने खाल्ले किती?

व्याण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत गाईचे खाणे सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातील मोठी घसरण शेवटच्या आठवड्यात होते. व्यायल्यावरही ते हळूहळूच सुधारते. पूरकाची मात्रा मात्र ठरलेली असते, त्यामुळे गाय जितकी कमी खाते तितके तिच्या आहारातील स्निग्धांशाचे प्रमाण वाढत जाते. एकूण आहाराच्या शुष्क भागात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) स्निग्धांश ६ टक्के, फार तर ७ टक्के असावा, ही सर्वमान्य मर्यादा आहे. नेहमीच्या चाऱ्यात आणि खुराकात मिळून तो साधारण ३ टक्के आधीच असतो.

एक उदाहरण घेऊ. गाईला रोज २५० ग्रॅम कॅल्शियमयुक्त बायपास फॅट आणि २ किलो अखंड सरकी दिली जाते. पूरकातून सुमारे २१० ग्रॅम आणि सरकीतून सुमारे ३६० ग्रॅम स्निग्धांश येतो. गाय एकूण १६ किलो शुष्क पदार्थ खात असेल तर उरलेल्या आहारातून आणखी चारशे-साडेचारशे ग्रॅम येतो आणि एकूण प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास राहते. हीच गाय नुकती व्यायलेली असून ११ किलोच खात असेल आणि सरकी व पूरक आधी संपवून चारा मागे ठेवत असेल, तर प्रमाण साडेसात टक्क्यांच्या वर जाते. जास्त स्निग्धांशामुळे, विशेषतः असंपृक्त (द्रव तेलांत जास्त असणाऱ्या) मेदाम्लांमुळे, आतड्यातून तृप्तीचे संकेत देणारी संप्रेरके सुटतात आणि भूक आणखी मंदावते. भूक मंदावली की प्रमाण पुन्हा चढते. मात्रा छापील असूनही गाय या फेऱ्यात अडकू शकते.

म्हणून मात्रा ठरवताना गव्हाणीत टाकलेल्या वजनातून उरलेले वजन वजा करावे. दोन दिवस सलग असे मोजले तरी अंदाज येतो. सरकी, सोयाबीन, जवस, तांदळाचा तेलयुक्त कोंडा आणि तयार खुराकातील तेल हे सर्व त्या बेरजेत धरावे. पिशवीवर तेल छापलेले नसले तरी ते आहारात असतेच. पहिलारू गाईंकडे वेगळे लक्ष द्यावे. त्यांची वाढ अजून चालू असते, खाणे मुळात कमी असते आणि मोठ्या गाईंसोबत बांधल्यास त्या गव्हाणीवरून मागे ढकलल्या जातात. मोठ्या गाईची मात्रा त्यांना तशीच लावणे योग्य नाही.

तिसरा प्रश्न : पिशवीत कोणते मेदाम्ल आहे?

बायपास फॅट या एकाच नावाखाली निरनिराळे पदार्थ विकले जातात आणि व्याण्याच्या सुमारास त्यांचे वागणे एकसारखे नसते. पाम तेलातील मेदाम्लांच्या कॅल्शियम क्षारात साधारण ८४ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के कॅल्शियम असते. त्यात पामिटिक आम्ल सर्वाधिक, त्याखालोखाल ओलिक आम्ल आणि थोडे लिनोलिक आम्ल असते. दुसरा प्रकार दाणेदार संपृक्त फॅटचा आहे. तो जवळजवळ पूर्णपणे स्निग्ध असतो, त्यात कॅल्शियम नसते, आणि उच्च वितळबिंदूमुळे तो कोठीपोटातून जवळपास तसाच पुढे जातो. यातील काही उत्पादनांत पामिटिक आम्ल ८० टक्क्यांहून अधिक असते, तर काहींत स्टिअरिक आम्लाचा वाटा मोठा असतो, आणि स्टिअरिकचे पचन मात्रा वाढेल तसे कमी होत जाते.

पामिटिक आम्ल दुधातील फॅट वाढवते, आणि वेताच्या मधल्या काळात ते फायद्याचेच आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मात्र ते ऊर्जा कासेकडे ओढते. खाणे त्या प्रमाणात वाढले नाही तर उरलेली ऊर्जा अंगावरच्या चरबीतून जाते आणि गाय अधिक उतरते. ओलिक आम्लामुळे इतर मेदाम्लांचे पचन सुधारते आणि ऊर्जा शरीराकडे वळण्यास मदत होते. त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत पूरक द्यायचेच असेल तर मी पामिटिक आणि ओलिक दोन्ही असलेले उत्पादन निवडीन, आणि शुद्ध पामिटिक प्रकार गाय पूर्ण खायला लागून तिचे वजन स्थिरावल्यानंतरच देईन.

येथेच आणखी एक फसगत होते. व्यायल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात दुधाला ५ टक्के फॅट लागले की पूरक लागू पडले असे समजले जाते. त्याच दुधात प्रथिने ३ टक्के किंवा त्याहून कमी असतील, म्हणजे फॅट आणि प्रथिनांचे गुणोत्तर १.५ च्या वर गेले असेल, तर ते फॅट गाईच्या पाठीवरून उतरलेले असण्याची शक्यता जास्त आहे. अशा गाईचे रक्त त्याच दिवशी तपासावे. पूरक चालू असताना प्रथिनांत होणारी अगदी किरकोळ घट मात्र अपेक्षित आहे आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

चौथा प्रश्न : संरक्षित फॅट खरोखर संरक्षित राहते का?

कॅल्शियम क्षाराचे संरक्षण कोठीपोटाच्या आम्लतेवर अवलंबून असते. सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६ च्या वर असेपर्यंत क्षार टिकतो. व्यायल्यावर दूध लवकर चढावे म्हणून खुराक एकदम वाढवला की सामू ५.५ कडे घसरतो, क्षार सुटू लागतो आणि त्यातील असंपृक्त मेदाम्ले कोठीपोटात मोकळी होतात. ती तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना बाधक असतात. मग चारा पचत नाही, शेण पातळ आणि फेसाळ होते, त्यात दाणे दिसतात आणि दुधाचे फॅट वाढण्याऐवजी पडते. शेवटच्या लक्षणाचे कारण असे की आम्लयुक्त कोठीपोटात असंपृक्त मेदाम्लांचे रूपांतर वेगळ्या वळणाने होते आणि त्यातून तयार होणारी काही मध्यवर्ती मेदाम्ले कासेतील फॅटची निर्मिती दाबतात.

आरामात बसलेल्या गाईंपैकी निदान निम्म्या गाई कोणत्याही वेळी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. त्याहून कमी दिसत असतील तर पूरक बदलण्याआधी खुराक दिवसाला किती वाढवला जातो ते पाहावे, तो अनेक हप्त्यांत विभागावा आणि लांब धाग्याचा चारा पुरेसा द्यावा. घरातील खाद्यतेल किंवा कच्चे तेल खुराकावर ओतून हाच परिणाम स्वस्तात मिळवण्याचा प्रयत्न तर पूर्णपणे टाळावा. ते पहिल्या दिवसापासूनच असंरक्षित असते. माशाच्या तेलाबाबतही हेच लागू आहे, त्याने दुधाचे फॅट आणि भूक दोन्ही वेगाने पडतात.

चव, मिसळण आणि दर्जा

कॅल्शियम क्षाराला साबणासारखा वास असतो आणि पुष्कळ गाई तो प्रथम नाकारतात. व्यायलेल्या दिवशी, जेव्हा भूक आधीच नाजूक असते, तेव्हा नवा वास समोर ठेवणे हे उत्तम पूरकही वाया घालवते. द्यायचे असेल तर सवय व्याण्याच्या तीन आठवडे आधी मूठभरापेक्षा कमी प्रमाणात, ओलसर खुराकात एकजीव करून लावावी, आणि पूर्ण मात्रा व्यायल्यावर गाय नियमित खाऊ लागल्यानंतर आठ-दहा दिवसांत गाठावी. शेवटच्या आठवड्यात कोणतीही नवी वस्तू सुरू करू नये. पिशवीला खवट वास येत असेल तर ती परत करावी.

प्रयोगशाळेतून दर्जा तपासून घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्निग्धांश मोजण्याची नेहमीची ईथर पद्धत कॅल्शियम क्षारासाठी अपुरी पडते, कारण क्षार आम्लाने आधी फोडल्याशिवाय मेदाम्ले ईथरमध्ये उतरत नाहीत. आम्ल प्रक्रियेसह तपासणी मागितली नाही तर चांगला मालही भेसळीचा ठरू शकतो.

खनिजांचा हिशेबही जोडूनच करावा लागतो. आतड्यातील मोकळी मेदाम्ले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधली जातात, म्हणून स्निग्धांश वाढवलेल्या दुभत्या गाईच्या आहारात कॅल्शियम शुष्क भागाच्या ०.९ ते १ टक्का आणि मॅग्नेशियम ०.३ टक्क्यांच्या जवळ ठेवतात. याउलट, दुग्धज्वर टाळण्यासाठी व्याण्यापूर्वी मुद्दाम अत्यल्प कॅल्शियम देण्याची पद्धत जेथे पाळली जाते, तेथे २०० ग्रॅम कॅल्शियमयुक्त पूरकातून जाणारे १८ ग्रॅम कॅल्शियम ती पद्धत निष्फळ करते.

ओमेगा प्रकारची मेदाम्ले हा वेगळा विषय आहे, तरी एवढे सांगणे आवश्यक वाटते की ती ऊर्जेसाठी दिली जात नाहीत. ओमेगा-३ मेदाम्ले प्रोस्टाग्लँडिन (गर्भाशयाच्या आकुंचनात भाग घेणारे संप्रेरकासारखे द्रव्य) तयार होण्याचे प्रमाण कमी करतात, म्हणून त्यांचा विचार मुख्यतः गाय पुन्हा माजावर येऊन गर्भ टिकवण्याच्या काळासाठी होतो. वार पडणे आणि गर्भाशय पूर्ववत होणे चालू असताना ती भरपूर देण्याची घाई करू नये.

मोजल्याशिवाय मात्रा बदलू नये

व्यायल्यानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान प्रत्येक गाईचे रक्तातील किटोन दोनदा तपासावे. हाताळायला सोप्या मीटरवर एका थेंबात हे होते. बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट (मीटरवर मोजला जाणारा किटोन) १.२ मिलिमोल प्रति लिटर किंवा अधिक असेल तर गाय बाहेरून धड दिसत असली तरी छुपा किटोसिस आहे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अशा गाईला प्रोपिलीन ग्लायकॉल रोज ३०० मिलीलिटर, सलग पाच दिवस तोंडावाटे देतात, कारण त्यापासून यकृत ग्लुकोज बनवू शकते. त्या पाच दिवसांत तिचे मेदाम्लांचे पूरक मी थांबवीन. लठ्ठ गाईंना दर वेताला हाच त्रास होत असेल, तर कोठीपोटात न फुटणारे संरक्षित कोलीन (जीवनसत्त्वासारखा एक पोषक घटक) व्याण्याच्या तीन आठवडे आधीपासून देण्याबाबत विचारावे. ते यकृतातील चरबी बाहेर वाहून नेण्यास मदत करते, जे काम बायपास फॅट करत नाही.

शरीर गुणांकन व्याण्याच्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि साठाव्या दिवशी एकाच माणसाने करावे. साठ दिवसांत अर्ध्या गुणापर्यंतची घट स्वाभाविक मानावी. तीस दिवसांतच त्याहून जास्त घट होत असेल आणि किटोन पहिल्या दोन आठवड्यांत चढलेले असतील, तर पुढच्या वेताची दुरुस्ती आटवलेल्या काळात करावी. किटोन सुरुवातीला ठीक असून घट महिन्यानंतर होत असेल, तर पूरकाची योग्य वेळ तीच आहे. मग एकूण स्निग्धांशाच्या बेरजेत जागा आहे हे पाहून आहाराच्या शुष्क भागाच्या दीड टक्क्यापर्यंत पूरक द्यावे, शक्य असल्यास व्यायलेल्या गाईंपैकी आळीपाळीने एकीला द्यावे आणि पुढचीला देऊ नये, आणि दोन्ही गटांचे खाणे, दूध व गुणांकन एकाच वहीत लिहावे. गाय तूट भरून काढून पुन्हा अंग धरू लागली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की पूरक आठवडाभरात उतरवत बंद करावे. तेथून पुढे दिलेले फॅट तिच्या अंगावर साठते, आणि तीच लठ्ठ गाय पुढच्या वेताला किटोसिसच्या यादीत पहिली येते.